प्रायमर निघून राहिला? आधी पापुद्र्याची मागची बाजू पाहा

नवीन पोरं रंगाची गन हातात घेतात, ट्रॅक्टरच्या बोनेटवर नाहीतर घरच्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीवर मन लावून प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा पहिला थर, मारतात, दुसऱ्या दिवशी नखानं खरवडून पाहतात तर कांद्याच्या टरफलासारखं निघून राहिलेलं असते, आणि मग सगळा दोष डब्यावर. दुसरा महागाचा डबा आणतात, त्याच पत्र्यावर तसाच मारतात आणि तोही निघते. मी दर्यापूरकडच्या एका गावात टिनाच्या शेडमध्ये हेच काम करतो, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, गाड्या, आणि आजपर्यंत डबाच खराब निघाला असं लय कमी वेळा झालं. गडबड जवळपास दरवेळी प्रायमरच्या खाली असते, पत्र्यावर. म्हणून खाली काय आहे ते कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, ते जसं मी शेडमध्ये पोरांना दाखवतो तसंच इथं लिहून राहिलो.

पहिलं काम : पापुद्रा उलटा करा

पेपर घेऊन सगळं घासायला लागू नका. थांबा. जिथं निघून राहिलं तिथून ब्लेडच्या टोकानं एक चांगला रुपयाएवढा पापुद्रा उचला आणि उजेडात उलटा करून पाहा, त्याच्या पाठीवर सगळी गोष्ट लिहिलेली असते.

पाठ गुळगुळीत, चकचकीत असली तर खालचा रंग घासलाच नव्हता. मागच्या वर्षी एक पोरगा टाकी घेऊन आला होता, त्या टाकीचा पापुद्रा मी तळहातावर उलटा ठेवला तर त्यात शेडच्या दाराचा उजेड दिसत होता, इतकी ती बाजू आरशासारखी. जुन्या रंगाची चमक जशीच्या तशी उतरली होती. त्यानं धुतलं होतं, पुसलं होतं, पण पेपर फक्त सपाट जागी मारला होता, कडेला आणि झाकणाच्या गोलाईत हातच गेला नव्हता, आणि पहिल्यांदा निघालं तेही तिथूनच.

पाठीवर तांबडी भुकटी असली तर गंज राहिला. बोट फिरवल्यावर चिकट, तेलकट लागलं तर ग्रीस, डिझेल नाहीतर पॉलिश. पाठ खरखरीत, पावडरसारखी असली आणि बोटाला पांढरा-करडा भुगा लागत असला तर प्रायमर पत्र्यावर पोचायच्या आधीच हवेत वाळला. खाली पत्र्यावरही प्रायमर आणि पापुद्र्यावरही प्रायमर, म्हणजे प्रायमर मधूनच फाटला असला, तर एकतर कोट लय जाड झाला नाहीतर हार्डनरचं, म्हणजे प्रायमर कडक व्हायला त्यात मिसळतात त्या द्रवाचं, माप चुकलं. आणि पापुद्र्यासोबत जुना रंगच उखडून आला असला तर तुमच्या प्रायमरनं आपलं काम बरोबर केलं, खालचा जुना थर सुटलेला होता.

आता कुठवर काढायचं? पातळ पट्टीनं सुटलेल्या कडेपासून आत-आत उचलत जा, जिथं पट्टी अडते आणि प्रायमर काही केल्या उठत नाही तिथं थांबा, ती कड १८० नंबरच्या पेपरनं आणि मग ३२० नंबरच्या पेपरनं उतरती करून घ्या, बोटाला पायरी लागली नाही पाहिजे. पण तीन-चार वेगवेगळ्या जागी नखानं निघत असेल तर पूर्ण काढा. सुटलेल्या प्रायमरवर नवीन प्रायमर मारला तर नवा कोट वाळताना जुन्याला घेऊन वर येते, मेहनत दोनदा वाया.

धुणं, आणि आपल्याकडचं पाणी

हा भाग नीट वाचा. बाहेरचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त काम इथंच बिघडते.

आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी खारट आहे, पिकालाही नीट चालत नाही. तेच पाणी आपण वॉटर पेपर मारताना वापरतो. पाणी उडून जाते, मीठ पत्र्यावरच राहते, डोळ्याला दिसतही नाही. वरून प्रायमर बसला, पाऊस लागला का ते खालचं मीठ प्रायमरमधून ओल ओढते आणि पापुद्र्याखाली फोड उभे राहतात.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एका ट्रॉलीचा मागचा फाळका होता, घासकाम एकदम मस्त, कोट सारखा, मालक खूश होऊन घेऊन गेला. पावसाचे आठ-दहा दिवस झाल्यावर परत आला तर फाळक्याच्या खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे फोड, हात फिरवला तर पाठीवर घामोळ्या आल्यावर लागते तसं. एक फोड टाचणीनं फोडला, आतून थेंबभर पाणी आलं, ते मी डब्याच्या झाकणावर टिपलं आणि उन्हात ठेवलं. वाळल्यावर झाकणावर पांढरी गोल रिंग उरली. त्या दिवसापासून शेवटचं धुणं मी बोअरच्या पाण्यानं कधीच केलं नाही. पूर्ण फाळका मी माझ्या खर्चानं परत केला.

तर असं करा. घासताना बोअरचं पाणी वापरलं तर एक वेळ चालेल, पण शेवटी दोन बादल्या नळाच्या गोड्या पाण्यानं धुवा, पावसाळ्यात पत्र्यावरून पडलेलं स्वच्छ पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल तर अजून चांगलं. लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, पाणी जागेवर वाळू देऊ नका.

ट्रॉलीत युरिया, डीएपी वाहिलेलं असते, तेही मिठासारखंच ओल ओढते. जोडाच्या फटीत, पट्टीच्या मागं, बोल्टच्या बुडाशी ते वर्षानुवर्षं साचलेलं राहते. डिटर्जंट आणि तारेचा ब्रश घेऊन त्या फटी धुवा, सपाट भाग तर कोणीही धुते. आणि एक मोठं सांगणं आहे, फवारणीची बादली या कामाला आणू नका. त्यात औषधाचा अंश राहते तो तर तुमच्या हाताला वाईटच, वरून कपाशीच्या फवारणीत आपण जे स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरायचं-चिकटायचं द्रव्य, टाकतो त्यातले कित्येक सिलिकॉनचे असतात, आणि सिलिकॉन म्हणजे रंगकामाचा पक्का वैरी. रंगाची बादली वेगळी, तिला खूण करून ठेवा.

तेल-ग्रीस काढणं घासायच्या आधी

क्रम इथं चुकते. पोरं आधी पेपर मारतात आणि मग पुसतात. पत्र्यावर ग्रीस असताना पेपर मारला तर ते ग्रीस पेपरच्या रेघांत जाऊन बसते आणि मग कितीही पुसा, निघत नाही. म्हणून आधी धुवा, मग ग्रीस काढा, मग पेपर मारा, आणि पेपर मारून झाल्यावर परत एकदा पुसा.

पुसायला रॉकेल नको, डिझेल नको, पेट्रोलही नको. रॉकेल आणि डिझेल तर मागं तेलकट थर सोडूनच जातात, पेट्रोल उडून गेल्यासारखं वाटते पण तेही काहीतरी ठेवते, वरून आगीचा धोका. रंगाच्या दुकानात वॅक्स-ग्रीस रिमूव्हर म्हणून मिळते ते आणा. दोन स्वच्छ सुती फडकी घ्या, एक ओलं, एक कोरडं. ओल्यानं हातभर जागा पुसायची आणि ती ओली आहे तोवरच दुसऱ्या हातानं कोरड्यानं टिपायची. रिमूव्हर तेल वर उचलते, ते तुम्ही टिपलं नाही आणि तसंच वाळू दिलं तर तेल परत तिथंच बसते, म्हणजे तुम्ही फक्त पसरवलं. फडकं सारखं पालटत राहा.

डॅशबोर्डचं पॉलिश, टायरचं पॉलिश, चेनचा स्प्रे, हे शेडच्या आत फवारूच नका, ते हवेतून पत्र्यावर येऊन बसते आणि मग प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आणि हात. जेवून आले, डोक्याला तेल लावलेलं, केसांवरून हात फिरवला आणि तोच हात बोनेटवर टेकवला, बरोबर तिथं पाच बोटांची जागा प्रायमर धरत नाही. पुसल्यानंतर हातमोजे घाला.

पत्रा साफ झाला का नाही हे पाहायची फुकटची तपासणी आहे, गोडं पाणी शिंपडा. पाणी चादरीसारखं सलग पसरलं तर साफ. अळूच्या पानावर राहते तसं थेंब-थेंब झालं तर तिथं अजून तेल आहे, परत पुसा. मात्र तपासून झाल्यावर पत्रा पूर्ण कोरडा करा, उघड्या लोखंडावर तर दहा मिनिटंही ओल ठेवू नका, पावसाळ्यात पाहता-पाहता तांबूस पडते.

पेपर कोणता मारायचा

उघड्या पत्र्यावर १२० ते १८०. ज्या जुन्या रंगानं घट्ट धरलेलं आहे त्यावर पाण्यानं ४००. लांबीच्या (खड्डे भरायच्या पुट्टीच्या) खाली ८० चालते, पण ८० च्या रेघांवर डायरेक्ट पातळ प्रायमर मारला तर रेघा वर दिसतात. ८०० नं घासून प्रायमर मारणारे पण पाहिले, त्यानं पृष्ठभाग इतका गुळगुळीत होते का प्रायमरला धरायला जागाच राहत नाही. घासून झाल्यावर तिरप्या उजेडात पाहा, सगळीकडे सारखा मळकट दिसला पाहिजे, जिथं चमक दिसते तिथं घासलं गेलं नाही. कडा, कोपरे, बिजागरीच्या मागची बाजू यासाठी पेपरची घडी करून बोटानंच घासावं लागते, दुसरा उपाय नाही.

गंज असला तर पांढरा पत्रा लागेपर्यंत काढा. खड्ड्यातला गंज निघत नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज मारायचं औषध वापरा, पण त्याच्या डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवाच, त्याचा उरलेला थर स्वतःच प्रायमरला धरू देत नाही.

खाली काय आहे त्यावर प्रायमर ठरते

साध्या लोखंडी पत्र्याला इपॉक्सी प्रायमर सगळ्यात भरवशाचा, मी तरी तोच सांगीन. ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, ज्याला आपण जीआय म्हणतो, यांची गोष्ट वेगळी. जीआयवर रेड ऑक्साइड किंवा साधा तेलकट प्रायमर मारला तर सुरुवातीला धरल्यासारखा वाटते, पण जस्ताची त्या तेलासोबत क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होते आणि काही महिन्यांनी पापुद्रेच्या पापुद्रे गळतात. तिथं एच (etch) प्रायमर, ज्याला वॉश प्रायमर पण म्हणतात, नाहीतर जस्तावर चालते असं डब्यावर लिहिलेला इपॉक्सी. एच प्रायमर पातळच मारायचा, त्यातलं ॲसिड धातूला पकडते, आणि त्यावर लांबी लावायची नाही कारण ॲसिडमुळं लांबी नीट कडक होत नाही.

ट्रॉलीला आधी रेड ऑक्साइड मारलेलं असते हे आपल्याकडं ठरलेलंच. त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, नुसतं थिनर उडून वाळणारा) किंवा टूके (2K, हार्डनर मिसळून मारायचा पीयू) मारलं का त्याचं कडक थिनर खालच्या रेड ऑक्साइडला फुगवते आणि सगळं सुरकुतून वर येते. म्हणून जुन्या रंगावर काही मारायच्या आधी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग मऊ पडला, फुगला, फडक्याला लागला, तर तो थर काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

स्कूटरचे पॅनल, कारचं बंपर यासाठी पार्ट काढून मागची बाजू पाहा, साच्यातच इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तर घासून, पुसून प्रायमर धरते. पीपी असेल तर त्या प्लास्टिकला कशाचंच प्रेम नाही, आधी प्लास्टिकचा ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे प्रायमरला पकड देणारा थर, मारावाच लागते, तो पारदर्शक, पातळ असते, आणि त्यावर डब्यावर दिलेल्या वेळेतच प्रायमर घ्यायचा.

ऊन, दव आणि पाऊस

पाठ पावडरसारखी निघाली होती ना, त्याचं मूळ इथं आहे. मे महिन्यात, नवतपात, आपल्याकडं ४५ डिग्री होते, आणि उन्हातला पत्रा त्याहून किती तरी तापलेला. गनमधून निघालेल्या थेंबातलं थिनर रस्त्यातच उडते, पत्र्यावर ओला थेंब न पडता कोरडी धूळ पडते, आणि धुळीला काही चिकटते का? पत्र्यावर तळहात ठेवून दहापर्यंत मोजा, हात उचलावा लागला तर आज मारू नका. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ ही वेळ, थिनर उशिरा उडणारं घ्या, आणि रात्रीच शेडमध्ये सडा टाकून ठेवा म्हणजे काळ्या मातीची धूळ बसते.

हिवाळ्यात बरोबर उलटं. सकाळी सातला टिनावर दव असते, दिसत नसलं तरी बोट फिरवल्यावर ओलं लागते. ऊन चढू द्या, दहा-अकरानंतर मारा. पावसाळ्यात हवेत ओल ८५ टक्क्यांच्या वर असली तर काम बंद ठेवलेलंच बरं, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ डिग्री गरम असला पाहिजे, हा नियम मोठ्या कारखान्यांतही पाळतात. मोबाइलवर ह्युमिडिटी आणि ड्यू पॉइंट दोन्ही दिसतात, पाहत जा.

कॉम्प्रेसर आणि गन

टाकीच्या खाली ड्रेनचा कॉक असते, काम सुरू करायच्या आधी तो उघडा, पावसाळ्यात तर दर तासाला. मी पोरांना एकदा कॉक उघडून दाखवला तर चहाच्या पेल्याएवढं गढूळ पाणी निघालं, वर तेलाचा तवंग, आणि हेच सगळं नळीतून प्रायमरमध्ये जाणार होतं. मग नुसती हवा स्वच्छ आरशावर अर्धा मिनिट मारा, आरशावर डाग आला तर फिल्टर बदला, कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा तपासा.

प्रायमरच्या गनला १.६ ते १.८ चं नोझल, हवा साधारण ३० पीएसआय, अंतर एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. लांबून मारलं तर परत तीच धूळ. पहिला कोट पातळ, मग १० ते १५ मिनिटं थांबायचं, वरची ओली चमक गेली का दुसरा. घाईत एकावर एक जाड कोट मारले तर आतलं थिनर कोंडते, वरून कडक आणि आतून मऊ, आणि मग तो मधूनच फाटते.

हार्डनर, आणि तुमची छाती

टूके प्रायमरचं माप डब्यावर असते, ४ ला १ असेल तर ४ ला १. खुणेचा पेला आणा, अंदाजानं ओतू नका. हार्डनर जास्त टाकला म्हणजे जास्त कडक होते हे खोटं आहे, त्यानं ठिसूळ होते. हार्डनरचा डबा उघडा राहिला तर हवेतली ओल खाते, गढूळ झाला किंवा त्यात गाठी पडल्या तर फेकून द्या.

टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्यानं दमा लागू शकते, आणि एकदा लागला का मग थोड्या वासानंही त्रास होते. तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच सगळ्यात भरवशाचा, निदान ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि बारीक कणांचा फिल्टर दोन्ही असलेला मास्क तरी लागते, चष्मा आणि हातमोजेही. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले, श्वासातून काय आत जाते ते आपल्या मुलखानं पाहिलेलं आहे. मास्क घ्यायची ऐपत आज नसेल तर टूके आज मारू नका, एनसीवर काम भागवा आणि तेव्हाही शेड दोन्ही बाजूनं उघडं ठेवा. जुना रंग घासताना पाण्यानंच घासा, जुन्या रंगांत शिसं असू शकते, आणि लेकरांना तिथं येऊ देऊ नका. चूल, विडी, वेल्डिंग, सगळं लांब.

आता तपासा

एक पूर्ण दिवस जाऊ द्या. मग जिथं पुढं लपून जाईल अशा जागी नवीन ब्लेडनं सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, दोन रेघांत दोन मिलिमीटर अंतर, धातूपर्यंत गेल्या पाहिजे. पंचवीस चौकोन होतील. त्यावर चांगली चिकटणारी टेप नखानं घासून बसवा आणि एका झटक्यात ओढा. टेपवर रेघांच्या कडेची थोडी भुकटी आली तर हरकत नाही, अख्खे चौकोन आले तर पुढचा रंग मारू नका. टेप उलटी करून पाहा, पाठ परत तेच सांगेल, चकचकीत, तांबडी, तेलकट का भुगा.

बोनेटवर अशी तपासणी एका जागी करून मोकळे होऊ नका. कडेला करा, बिजागरीजवळ करा, आणि ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीच्या झाकणाभोवती तर नक्कीच करा, तिथं वर्षानुवर्षं डिझेल सांडून मुरलेलं असते. तीन जागी टेप कोरी आली आणि झाकणाजवळ चौकोन निघाले, तर फक्त तेवढीच वीतभर जागा पत्र्यापर्यंत काढा, झाकणाचं रबर बाजूला काढून त्याच्या खालचं पण पुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं परत टेप लावा.